गवताच्या जिवावर वसलेली छावणी

मनमाडहून नांदेड-निजामाबादमार्गे सिकंदराबादला येणाऱ्या गाडीत शेवटचा अर्धा तास झोपून घालवू नये. मेडचल मागे पडलं की बोलारम येतं, मग बोलारम बाजार, मग अलवाल आणि त्यानंतर एक लहानसं स्थानक – कॅव्हलरी बॅरक्स. घोडदळाच्या बराकी. दवाखान्याच्या, लग्नाच्या, मोत्यांच्या खरेदीच्या निमित्तानं येणाऱ्या मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांनी हा फलक ओझरता पाहिलेला असतो. लांब पल्ल्याची गाडी तिथं थांबत नाही. लोकलनं जाऊन उतरलं तर घोडा काही दिसत नाही. दिसते ती भिंत, भिंतीवर काटेरी तारेची वेटोळी, अधूनमधून ही जमीन संरक्षण खात्याची असल्याचा इशारा आणि पलीकडे गवत. पाऊस सरता सरता कमरेएवढं वाढलेलं, एवढ्या मोठ्या शहरात शोभू नये असं गवत.

संपादकांनी या वर्षी ‘ओसाडीतल्या वस्त्या’ हा विषय दिला, तेव्हा सरळ थरच्या किंवा कच्छच्या रणाकडे निघायला हवं होतं. मी सिकंदराबादला आलो ते या गवतामुळे. हे वाळवंट नाही, हे आधीच कबूल करतो. इथं वर्षाला ऐंशीएक सेंटिमीटर पाऊस पडतो आणि चहा तर दर पन्नास पावलांवर मिळतो. पण दोनशे वर्षांपूर्वी इथं जी वस्ती बसवली गेली, ती शहराबाहेर, खडकाळ माळावर, जनावरांच्या पोटाचा हिशेब मांडून बसवली गेली. रँच म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं.

मराठी वाचकाला रँच माहीत आहे ती पाश्चात्त्य सिनेमांतून आणि कोरेगाव पार्कातल्या रजनीश आश्रमातून. १९८१ मध्ये रजनीश पुण्याहून अमेरिकेला गेले आणि त्यांच्या शिष्यांनी ओरेगॉनच्या कोरड्या पठारावर सुमारे ६४,००० एकरांची ‘बिग मडी रँच’ विकत घेतली. अतिचराईनं उघडं पडलेलं ते रान होतं. तिथं त्यांनी बंधारा बांधला, शेती केली, अख्खं नगर उठवलं. १९८५ मध्ये सगळं कोसळलं आणि आज तिथं ख्रिस्ती तरुणांची शिबिरं भरतात. विषप्रयोगाच्या आणि रोल्स-रॉइसच्या गोष्टींत एक गोष्ट विसरली जाते. शेजाऱ्यांशी पहिला मोठा खटका उडाला तो चराऊ जमिनीवर किती घरं बांधू द्यायची यावरून. सिकंदराबादेतलं आजचं भांडणही जवळपास त्याच प्रश्नावर येऊन ठेपलं आहे. फक्त इथं ते दोनशे वर्षांनी आलं.

माळ आणि दोन फौजा

१७९८ मध्ये निजाम अली खानानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. फौज आली, पण तिला हैदराबादच्या कोटाच्या आत ठेवणं दोन्ही बाजूंना नको होतं. म्हणून हुसेनसागराच्या उत्तरेला, अलवाल गावाच्या बाजूच्या माळावर तंबू पडले. १८०६ मध्ये त्या वस्तीला तेव्हाचा निजाम सिकंदर जाह याचं नाव मिळालं.

माळ कसा होता, याची कल्पना अजूनही करता येते. तिरुमलगिरीच्या आजूबाजूला एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसतात. हा खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्यावर मातीचा पातळ थर, तोही लाल आणि भुरभुरीत. ज्वारीला फारसा कामाचा नाही, झाडाला तर नाहीच. गवताला मात्र चालतो. फौजेला मोकळं मैदान हवं होतं, निजामाला पिकाऊ जमीन सोडायची नव्हती आणि माळावर कोणाचा फारसा डोळा नव्हता.

पुढे इथं एक नव्हे, दोन फौजा झाल्या. सिकंदराबादची तैनाती फौज मद्रास सैन्याची, कंपनीच्या हुकमातली. तिच्या उत्तरेला बोलारमला दुसरी होती. ती नावानं निजामाची, पण अधिकारी इंग्रज. रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात तिची बांधणी झाली आणि १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांविरुद्ध ती लढली. पुढे तिला हैदराबाद काँटिंजंट म्हणू लागले. तिची ठाणी मराठी मुलखात विखुरलेली होती: हिंगोली, औरंगाबाद, जालना, एलिचपूर आणि मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. १८५७ मध्ये औरंगाबादेत याच काँटिंजंटच्या घोडदळात बंड झालं आणि बंडवाल्यांना जिथं मारलं, तो काळा चबुतरा आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. बंडानंतर इंग्रजांनी तिरुमलगिरीला खंदकांची तटबंदी उभारली. विंडसरच्या किल्ल्यासारखा दिसणारा लष्करी तुरुंगही तिथलाच.

तटबंदी, तुरुंग, चर्च यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बोलारमचं १८४७ चं होली ट्रिनिटी चर्च तर राणी एलिझाबेथ १९८३ मध्ये प्रार्थनेला आली म्हणून दर काही वर्षांनी वर्तमानपत्रांत झळकतं. गवताबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

पाचशे घोड्यांचं पोट

एक साधा हिशेब करून पाहू. काम करणारा घोडा दिवसाला आठ ते दहा किलो सुकं गवत खातो, वर तीन-चार किलो दाणा आणि तीसएक लिटर पाणी. घोडदळाच्या एका पलटणीत पाचशे घोडे धरा. रोजचं गवत साडेचार टन, पाणी पंधरा हजार लिटर. वर्षाचं गवत सोळाशे टनांच्या वर जातं. दख्खनच्या कोरडवाहू माळावर बऱ्या पावसात एकरी टनभर सुकं गवत मिळालं तरी पुष्कळ. म्हणजे एका पलटणीमागे सोळाशे एकर कुरण लागणार. पाऊस निम्मा झाला तर कुरण दुप्पट. वर तोफखान्याचे घोडे, सामानाचे बैल, साहेबांचे खासगी टट्टू. तोफेपेक्षा गवत जास्त जागा अडवतं. छावण्या एवढ्या पसरट का असतात, याची बाकीची कारणं आहेतच, पण हे पोटाचं कारण मला सर्वांत खरं वाटतं.

गवत मिळवायची पद्धतही बघण्यासारखी होती. घोड्यामागे मोतद्दार असे आणि त्याच्या जोडीला घासकाप्या. घासकाप्या पहाटे टट्टू घेऊन निघे, माळावर खुरप्यानं हरळी मुळासकट खरवडून काढी, झटकून माती पाडी आणि दुपारपर्यंत भारा घेऊन लाइनीत परते. मग त्याच्या भाऱ्याचं वजन होई. ओलं गवत आणि मुळाची माती यांवरून रोजची हुज्जत. उन्हाळ्यात जवळची हरळी संपली की घासकाप्या लांब लांब जाई आणि गावकऱ्यांच्या बांधावर, शेताच्या कडेला हात मारी. छावणीचं आणि गावांचं भांडण बहुतेक वेळा असं बांधावर सुरू होई.

म्हणून राखीव कुरणं आली. पावसाळाभर चराई बंद, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी. वेळ चुकवून चालत नसे. दख्खनच्या माळावर पवना आणि मारवेल ही चांगली गवतं, पण त्यांच्यात कुसळी भरपूर. फुलोऱ्यापूर्वी कापली तर ती चारा असते. पंधरा दिवस उशीर झाला की तिची कुसळं जनावराच्या हिरड्यांत रुततात, तोंड सुजतं आणि घोडा तोबऱ्यातला दाणाही टाकतो. कापलेलं गवत वाळवून त्याच्या गंज्या रचत आणि आग लागली तर एकच जावी म्हणून दोन गंज्यांत मोकळी जागा ठेवत. शहराच्या मधोमध आज जी जमीन ‘विनाकारण’ रिकामी दिसते, तिच्यातली बरीच अशी गंज्यांच्या, कुरणाच्या आणि कवायतीच्या कामाची होती.

दाण्याचं निराळंच. मद्रास सैन्यात घोड्याला हुलगे शिजवून घालत. काँटिंजंटच्या घोड्याला आपल्याकडच्यासारखा भिजवलेला हरभरा. दोन छावण्या, मध्ये काही मैलांचं अंतर, आणि घोड्यांच्या जेवणाच्या चवी दोन प्रांतांच्या!

या सगळ्याचा माग शहरात एका ठिकाणी उरला आहे. राणीगंजजवळ घासमंडी नावाचा भाग आहे. आता तिथं आणि आसपास पंप, मोटारी, पाइप, हार्डवेअर यांची दुकानं. हातगाड्यांच्या गर्दीत मी काही दुकानदारांना विचारलं. गवताचा बाजार इथं भरत असणार, हे त्यांना नावावरून ठाऊक होतं, पण ते कोण खात होतं याचा विचार कोणी केलेला नव्हता. विचारणारा मीच त्यांना विचित्र वाटलो.

वऱ्हाडचा सारा, बोलारमचे घोडे

आता पैशाचा प्रश्न. काँटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येणार आणि बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणार. पेशव्यांची फौज मोडली तरी ही रीत मोडली नाही, इंग्रजांनी ती उचलली. भरती होणारा असामीचे, म्हणजे पलटणीतल्या आपल्या जागेचे, पैसे भरी. घोडा, खोगीर, चारा हे सगळं पगारातून भागवायचं आणि घोडा मेला तर पलटणीच्या वर्गणीच्या फंडातून थोडी भर पडायची. घासकाप्या आणि त्याचं टट्टू दोन स्वारांत मिळून एक. सरकारला हे स्वस्त पडे. घोडे दख्खनी किंवा अरबी. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याजवळच्या माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आजही मार्गशीर्षात तिथं घोडे, गाढवं, उंट विकायला येतात. तैनाती फौजेतल्या गोऱ्या पलटणींसाठी मात्र ऑस्ट्रेलियातून जहाजानं मद्रासला उतरवलेले वेलर घोडे.

शिलेदार स्वस्त असला तरी पलटणीचा पगार कोणीतरी द्यायचा होता. तो निजामाच्या तिजोरीतून. थकत गेला, व्याज चढत गेलं आणि १८५३ मध्ये थकबाकी पन्नास लाखांच्या घरात गेल्याचं सांगून डलहौसीनं नवा करार लादला. काँटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही.

अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीतला कापूस, त्यावरचा सारा आणि बोलारमच्या खडकाळ माळावरचे घोडे हे एकाच वहीत बसतात. वऱ्हाडच्या इतिहासात ही गोष्ट करारमदारांच्या पानांत येते आणि सिकंदराबादच्या इतिहासात बंगल्यांच्या, क्लबांच्या. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं भरलेला पैसा अखेर कुठं गेला हे पाहायचं असेल, तर बोलारमच्या घोड्यांच्या लाइनींकडे बघावं लागतं. १९०२ मध्ये कर्झननं तेव्हाचा निजाम महबूब अली पाशाकडून वर्षाला पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला. काँटिंजंट वेगळी फौज म्हणून संपली, तिच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात मिसळल्या. त्यांतलीच एक, विसावी डेक्कन हॉर्स, १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड इथं भाले घेऊन दौडत गेली. मशीनगनच्या युद्धात घोडा संपत आला होता. शिलेदारीही संपली. फ्रान्समध्ये मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा घोडा स्वारानं आणायचा कुठून? महायुद्धानंतर सरकारनं ती पद्धत मोडीत काढली.

एक छोटी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १८९६ मध्ये बंगळूरला आलेल्या चौथ्या हुसार्स या गोऱ्या घोडदळानं आल्या आल्या पूना लाइट हॉर्सचे पंचवीस पोलोचे टट्टू एकगठ्ठा विकत घेतले आणि दोनेक महिन्यांत हैदराबादला येऊन गोवळकोंडा चषक जिंकला. संघात विन्स्टन चर्चिल होता. इंग्रजांना ती त्यांच्या धडाडीची गोष्ट वाटते. मला ती पुण्याच्या टट्टूंची वाटते.

गायी येतात

घोड्यांच्या पाठोपाठ गायी आल्या, त्याही औषध म्हणून. गोऱ्या शिपायांत विषमज्वरानं माणसं मरत आणि डॉक्टरांचा संशय बाजारच्या दुधावर आणि पाण्यावर होता. सरकारनं स्वतःच गोठे घालायचं ठरवलं. पहिलं लष्करी दुग्धालय १ फेब्रुवारी १८८९ ला अलाहाबादला सुरू झालं, मग देशभरच्या छावण्यांत त्यांचं जाळं पसरलं. सिकंदराबादचं दुग्धालय त्यांतलंच. बोवेनपल्लीकडचा डेअरी फार्म रोड हा त्याचा पत्ता. याच सिकंदराबादेत, बेगमपेटच्या एका इस्पितळात, २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. छावणीची खरी लढाई कोणाशी होती, हे यावरून दिसतं.

या गोठ्यांची शिस्त लष्करी होती. जनावराला क्रमांक, धारेला वेळ, दुधाला वजन, नोंद, तपासणी. सुक्या गवताच्या गंज्या होत्याच, त्यात लसूणघासाचे वाफे आणि मुरघासाचे खड्डे आले. लसूणघासाला बारमाही पाणी लागतं. म्हणजे माळावर विहिरी खोदणं आलं. त्या काळची पाण्याची व्यवस्था कशी असे, हे आता बोलारमच्या राष्ट्रपती निलयमात जाऊन बघता येतं. ते पूर्वी रेसिडेंटचं गावाबाहेरचं घर होतं, आणि २०२३ पासून सामान्यांना खुलं आहे. तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरी दुरुस्त करून पाणी उपसण्याची जुनी पद्धत मांडून ठेवली आहे. मी गेलो तेव्हा शाळेची मुलं विहिरीत डोकावून आपापल्या नावाचा प्रतिध्वनी ऐकत होती आणि त्यांच्या बाई त्यांना मागे ओढत होत्या. विहिरींवरचा भार पुढे नळानं उचलला. साठच्या दशकापासून या जुळ्या शहरांना मांजरा नदीचं पाणी मिळू लागलं. ती बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरवरून इकडे येते. आधी वऱ्हाडचा पैसा, मग मराठवाड्याची नदी!

स्वातंत्र्याच्या वेळी देशात अशी १३० लष्करी फार्म होती आणि त्यांत तीस हजार जनावरं. देशात कृत्रिम रेतन आणि संघटित दुग्धव्यवसाय यांची सुरुवात करणाऱ्यांत ही फार्म पुढे होती. पुढे होल्स्टीन फ्रिजियन आणि साहिवाल यांच्या संकरातून त्यांनी ‘फ्रीजवाल’ गाय तयार केली, पाच हिस्से परदेशी, तीन हिस्से देशी. ऊन सोसणारी आणि तरी भरपूर दूध देणारी गाय हवी होती. तो प्रयोग सरकारी प्रयोगांच्या मानानं बराच यशस्वी झाला.

आणि मग तो गुंडाळला गेला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिनं लढण्याशी संबंध नसलेल्या कामांतून माणसं आणि पैसा मोकळा करायला सांगितलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं उरलेली ३९ लष्करी फार्म बंद करायचा निर्णय जाहीर केला आणि ३१ मार्च २०२१ ला हा विभाग औपचारिकपणे संपला. सहकारी डेअऱ्यांचं दूध पिशवीतून कुठंही पोहोचत असताना लष्करानं गोठे चालवायचे कशाला, हा युक्तिवाद मला पटतो. पण गायी गेल्या की ‘मग ही जमीन कशाला?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. घोडे गेले तेव्हा गायींनी ती जमीन राखली होती. आता तिला राखायला जनावरच उरलेलं नाही.

भिंतीवरून जाणारा रस्ता

डेअरी फार्म रोड हे नाव सध्या शहरात सारखं ऐकू येतं, ते दुधामुळे नव्हे. पॅराडाइज चौकापासून डेअरी फार्म रोडपर्यंत सुमारे सव्वापाच किलोमीटरचा उन्नत मार्ग आखला गेला आहे. ताडबंद आणि बोवेनपल्लीवरून तो नागपूरच्या महामार्गाला जाऊन मिळणार. ९ मार्च २०२४ ला त्याचं भूमिपूजन झालं. बेगमपेटच्या धावपट्टीखालून सुमारे सहाशे मीटरचा बोगदाही त्यात आहे. त्यासाठी संरक्षण खात्याची जमीन लागते. ती मिळवायला राज्य सरकारला कित्येक वर्षं पत्रव्यवहार करावा लागला. बदल्यात त्या मोलाची जमीन किंवा बांधकाम द्यायचं, असा रिवाज आहे.

यापूर्वी २०१७ च्या सुमाराला बायसन पोलो मैदानावर नवं सचिवालय बांधायचा घाट घातला गेला होता. मैदानावर सकाळी फिरणारे, क्रिकेट खेळणारे, निवृत्त अधिकारी सगळे विरोधात उभे राहिले. सचिवालय अखेर जुन्या जागीच झालं. छावणीतले रस्ते नागरिकांना बंद करण्यावरूनही अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. मलकाजगिरीच्या माणसानं लष्करी फाटक रात्री बंद म्हणून चार किलोमीटरचा वळसा का घ्यावा? आणि ही भिंत नसती तर इथं एक तरी झाड, एक तरी तळं उरलं असतं का? शेजारचं कोंपल्ली, सुचित्रा बघून यावं. तिथले माळ तीस वर्षांत काँक्रीटखाली गेले. छावणीच्या हद्दीतल्या सुमारे दहा हजार एकरांत अजून मोर ओरडतात. लष्करानं मोरांसाठी काही केलेलं नाही. गवत राखलं, बाकीचं आपसूक राहिलं.

बोवेनपल्लीच्या मोठ्या भाजीबाजारात रोज टनावारी पाला उरतो. पूर्वी असा पाला सरळ गोठ्यात गेला असता, आता त्याचा गॅस करून वीज काढतात. २०२१ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून त्याचं कौतुकही केलं. बाजारामागच्या गल्लीत एक गवळी भेटला. त्याच्या दहा-बारा म्हशी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या. त्याला घोडदळात रस नव्हता, लष्करी गायींत थोडा होता, कारण त्याच्या चुलत्याच्या आठवणीत त्या गोठ्यांतल्या गायींच्या कासा ऐकून ऐकून फार मोठ्या झाल्या होत्या. त्याला बोलायचं होतं ते पेंढ्याच्या भावावर. भाताचा पेंढा ट्रकनं लांबून येतो, यंत्रानं कापणी व्हायला लागल्यापासून चांगला लांब पेंढा मिळत नाही आणि भिंतीपलीकडचं गवत मात्र उभ्यानं वाळून जातं, असं त्याचं म्हणणं. त्या गवताचा लिलाव होतो का, कोणाला विचारायचं, हे तो उलट मलाच विचारत होता.

दिवाळीनंतर दुसऱ्या दिवशी इथले यादव सदर साजरा करतात. नारायणगुड्याला हरियाणाचे मुर्रा रेडे मिरवायला आणतात. शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, अंगाला तेल, पुढं ढोल. एकेका रेड्याची किंमत कोटींत सांगतात आणि त्याच्या खुराकाची यादी बदाम-काजूंपासून सुरू होते. गवळ्यानं आग्रहानं बोलावलं, रात्री नऊच्या आत या म्हणाला, नंतर पोलीस रस्ता बंद करतात.